लेकी बोले सुने लागे

साहित्यशास्त्राच्या तासाला व्यंजना शिकवताना मी वर्षानुवर्षे एकच उदाहरण देत आलो आहे. सूर्य मावळला, एवढेच वाक्य. गुराख्याला ते गुरे वळवायला सांगते, अभिसारिकेला संकेतस्थळाची आठवण करून देते, दुकानदाराला पसारा आवरायला लावते. संस्कृत काव्यशास्त्रात पिढ्यानपिढ्या चर्चिले गेलेले हे उदाहरण मुलांना आवडते. मग मी 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण फळ्यावर लिहितो आणि विचारतो, बोलणारीला नेमके काय हवे आहे, आणि ते सुनेला कसे कळले?

2014 साली तृतीय वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थ्याने उत्तर दिले, "सर, लेकीचे काहीतरी चुकले असेल." वर्ग हसला. मीही हसलो. आदल्या वर्षी याच मुलाची ट्यूटोरियल मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली होती. तेव्हा पोरगा थट्टा करतो आहे, असेच मला वाटले.

पुढचे काही महिने आठवले की आजही अवघडल्यासारखे होते. त्याच्या वहीतली वाक्ये मध्येच थांबू लागली. सांगितलेले पान तो तीनतीनदा विचारी. वसतिगृहातली मुले म्हणत, हा आमच्या विनोदावर हसत नाही आणि आम्ही चिडलो तरी याला कळत नाही. मी लाल शाईने शेरा मारला: 'अभ्यासात लक्ष नाही.' शेरे मारण्यात आम्ही प्राध्यापक मंडळी उदार असतो.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "सर, तुम्ही आज जे उदाहरण दिलेत, ते माझ्याविषयी होते ना?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "पण तुम्हीच सांगता, चांगल्या संहितेत काहीही उगीच नसते." म्हणीतला उघड रोख ज्याला हुकला होता, त्याला आता सूचनाफलकावरच्या टाचण्यांतही रोख दिसत होता. आणि त्यासाठी आधार तो माझ्याच वाक्याचा घेत होता.

ही विसंगती मला उलगडेना, म्हणून मी आपल्या प्रांताबाहेरचे थोडे वाचले. सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाशी असलेले नाते सुटण्याची अवस्था, अनेकदा एका रात्रीत येत नाही. तिच्या अलीकडे एक उंबरठा असतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कोनराड यांनी 1958 च्या आपल्या ग्रंथात या आरंभीच्या अवस्थेला 'ट्रेमा' म्हटले. रंगमंचावर जाण्यापूर्वी नटाच्या पोटात उठणाऱ्या गोळ्यासाठी वापरला जाणारा हा शब्द. काहीतरी घडणार आहे, पण काय ते ठाऊक नाही. पुढच्या पायरीवर प्रत्येक वस्तू अर्थाने भरून जाते, आणि तो अर्थ नेमका आपल्यालाच उद्देशून असतो. समीक्षेचा तास घेणाऱ्याने हे वर्णन वाचून जरा गप्प बसावे, असे ते आहे.

1990 च्या दशकात मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगोरी आणि ॲलिसन युंग यांनी अशा उंबरठ्यावरच्या तरुणांसाठी स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू केले आणि 'जोखमीची अवस्था' ओळखण्याचे निकष बांधले. त्यानंतर अनेक देशांत झालेल्या चाचण्यांतून दिसले ते असे: या तरुणांचा माहिती हाताळण्याचा वेग, ऐकलेले शब्द लक्षात ठेवणे, चेहऱ्यावरचा भाव ओळखणे, दुसऱ्याच्या मनातले ताडणे, हे सारे सरासरीने निरोगी समवयस्कांपेक्षा उणे असते, पण आजार जडलेल्यांइतके नाही. यांतली एक चाचणी पाहून मी चकितच झालो. कॉर्कोरन, मर्सर आणि फ्रिथ या संशोधकांनी 1995 मध्ये मांडलेल्या या चाचणीत दहा छोटे प्रसंग असतात. प्रत्येकात एक पात्र आडून काही सुचवते. त्याला खरोखर काय म्हणायचे आहे, ते ऐकणाऱ्याने सांगायचे. म्हणजे आमचा व्यंजनेचाच पेपर! (तपासणीत म्हणीचा अर्थ विचारण्याची मनोविकारतज्ज्ञांची रीत तर जुनीच आहे. अर्थात म्हण कानावरूनच गेली नसेल, तर त्या परीक्षेला फारसा अर्थ नाही.)

मग ती विसंगतीही तितकीशी विसंगत वाटेना. दुसऱ्याचे मन वाचण्याची ती वीण सैल झाली, की कधी समोरचा हेतू दिसत नाही, कधी नसलेला दिसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर उद्या कोणी प्रत्येक अबोल विद्यार्थ्यावर शिक्का मारील. हे सरासरीचे हिशेब आहेत. कमी गुण म्हणजे आजार नव्हे. खचलेला, झोप न झालेला किंवा परभाषेतून शिकणारा मुलगाही असाच अडखळतो. शिवाय 2012 मधल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, मदत मागत आलेल्या जोखमीच्या गटातही तीन वर्षांत सायकोसिस झालेल्यांचे प्रमाण सुमारे 36 टक्के होते. म्हणजे बहुतेकांना तो झाला नाही. निदान आमचे काम नाही. पण बदल आमच्या समोर घडतो. मागच्या वर्षीचा निबंध आणि या वर्षीची वही शेजारीशेजारी ठेवायची सोय डॉक्टरांना नसते, ती मला होती. मी त्या दोहोंवर गुण दिले.

असो. त्या संध्याकाळनंतर मी त्याच्या मामांना बोलावून घेतले. ते त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. परीक्षा वर्षभर पुढे ढकलली. तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याला एक साधी सवय लावली: कोणाच्या बोलण्यात काही दडले आहे असे वाटले, तर मनात ठेवायचे नाही, सरळ विचारायचे.

2018 च्या दिवाळीत तो घरी आला. मामांच्या दुकानात हिशेब पाहतो म्हणाला. कविता वाचायची मात्र अजून भीती वाटते. गप्पा लांबल्या. आठ वाजून गेले, तसा मी घड्याळाकडे पाहून म्हणालो, "तुझी एस.टी. कितीची रे?"

तो थांबला. माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहत राहिला.

"सर, मी निघावे असे म्हणताय, की नुसतेच विचारताय?"

"नुसतेच," मी म्हणालो. ते पूर्ण खरे नव्हते. गाडी नऊची होती; तो पुन्हा टेकून बसला, आणि मी आत चहाला सांगायला गेलो.