डनॉटरचा कडा

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्टोनहेवन या लहानशा बंदरातून कड्यावरची पायवाट धरली की सुमारे दोन मैलांवर डनॉटरचा भग्न किल्ला दृष्टीस पडतो. प्रथमदर्शनी वाटते, तो समुद्रातच उभा आहे. सुमारे १६० फूट उंचीचा प्रचंड खडक, भोवती उत्तर समुद्र, आणि भूमीशी नाते सांगणारी एक चिंचोळी पट्टी! खडकही एकसंध नव्हे; निसर्गाने असंख्य गोटे जणू चुन्यात कालवून रचले आहेत. वाट आधी खोल उतरते, मग पायऱ्या चढून बोगद्यासारख्या दरवाजातून आत नेते. वारा असा की, टोपी हातातच धरलेली बरी.

या ओसाड भिंतींची सारी कीर्ती एका मुकुटावर उभी आहे. १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन येथे दुसऱ्या चार्ल्सच्या मस्तकी तो ठेवला गेला. इंग्लंडची राजचिन्हे तत्पूर्वीच नष्ट करण्यात आली होती. स्कॉटलंडची तरी वाचावीत म्हणून मुकुट, राजदंड आणि तलवार डनॉटरच्या आश्रयास आली. पाठोपाठ क्रॉमवेलच्या सैन्याचा वेढा पडला. जॉर्ज ओगिल्वी या किल्लेदाराने सुमारे आठ महिने किल्ला झुंजविला. मे १६५२ मध्ये दरवाजे उघडले, तेव्हा राजचिन्हे तेथे नव्हतीच!

ती गेली कशी? एक आख्यायिका सांगते, की कड्यावरून दोराने ती खाली सोडली आणि शेवाळ गोळा करण्याच्या मिषाने आलेल्या एका दासीने टोपलीत भरून नेली. दुसरी म्हणते, किनेफच्या धर्मोपदेशकाची पत्नी क्रिश्चन फ्लेचर हिने ती शत्रूच्या छावणीतूनच लपवून नेली. कड्याच्या टोकाशी उभे राहून खाली पाहिले, तेव्हा मला दुसरीच अधिक पटली. मात्र दोन्ही कथांत काम फत्ते करणारी स्त्रीच आहे, हे विसरून चालणार नाही. पुढचे मात्र निश्चित ठाऊक आहे. किनेफच्या चर्चमध्ये व्यासपीठासमोरील फरशीखाली मुकुट व राजदंड, आणि पश्चिम टोकाच्या बाकांमध्ये तलवार पुरण्यात आली. १६६० पर्यंत ती तेथेच होती. आज ती एडिंबरोच्या किल्ल्यात पाहावयास मिळतात.

येथवरची कथा सर्वांनाच रुचते. पण अंगणाच्या कडेला एक तळघर आहे, तेथे पावले अडखळतात. १६८५ च्या उन्हाळ्यात १६७ माणसे या एका दालनात कोंडली होती. त्यांत ४५ स्त्रिया. अपराध एवढाच, की धर्माच्या बाबतीत राजाची सत्ता त्यांना मान्य नव्हती. काहींनी कड्यावरून उतरून पलायनाचा प्रयत्न केला. त्यात कित्येक पुन्हा पकडले गेले, काही कोसळून मेले. उरलेल्यांपैकी पुष्कळांना पुढे जहाजातून अमेरिकेकडे धाडण्यात आले. ज्या मुकुटासाठी ओगिल्वी आठ महिने झुंजला, त्याच मुकुटाच्या नावाने ही कोठडी भरली होती.

आत ओल आहे, उजेड बेताचाच. भिंतीत समुद्राकडे उघडणारी एक खिडकी आहे. तीतून वाकून पाहिले, की खाली लाटा त्याच गोट्यांच्या खडकावर आदळताना दिसतात.