एक त्रस्त पालक

निनावी पत्राने काम होतं का, असं कोणी विचारलं तर मी ‘होतं’ म्हणतो. माझ्या पत्राने पुष्कळ काम केलं. ज्यासाठी लिहिलं होतं, तेवढं सोडून.

2011 चा सुमार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावीपासून पुढे 150 ग्रॅम. हजेरी आम्हीच घेत असल्यामुळे किती मुलं पंगतीला बसली हे मला पक्कं माहीत असायचं, आणि खिचडीच्या नोंदवहीतला आकडा त्याहून दहा-पंधराने फुगलेला दिसायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग आईबापांबरोबर वावरात असे, तरी नोंदवहीतली मुलं पोटभर जेवत. मग तांदूळ जातो कुठे? मुख्याध्यापकांना तोंडावर विचारायची माझी छाती झाली नाही. बदलीची भीती होतीच. खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती ही, की दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी बसून डबा खायचा होता.

पत्र लिहायला बसलो तेव्हा आधी डावा हात वापरून पाहिला. दोन ओळींत मनगट भरून आलं. मग उजव्याच हाताने सुटी, ठोकळ्यासारखी अक्षरं काढली. मास्तरचं पत्र वाटू नये म्हणून ‘पोशन आहार’ लिहिलं, ‘मूख्याध्यापक’ लिहिलं, अनुस्वार गाळले. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत लाल शाईने ज्या चुका दुरुस्त केल्या, त्याच निवडून निवडून घातल्या. खाली ‘एक त्रस्त पालक’. दारव्ह्याचा शिक्का उमटू नये म्हणून पाच रुपयांचं पाकीट यवतमाळच्या पेटीत टाकायचं ठरलं. शकुंतला ही छोटी आगगाडी तेव्हा धावत होती, पण तिच्या डब्यात ओळखीचं कोणी भेटलं नाही असं कधी होत नसे, आणि तिला गप्पांना वेळही भरपूर. म्हणून एसटीने गेलो.

पहिल्या परिच्छेदात नोंदवहीचं लिहिलं होतं. ते माझ्या डोळ्यांदेखतचं. तिथेच थांबायला हवं होतं. पण खाली नाव नाही म्हटल्यावर हात सैल सुटला. मुख्याध्यापकांनी बांधलेलं घर तांदळाच्या पैशाचं, असं लिहिलं. त्यांच्या साळ्याच्या किराणा दुकानात शाळेचा तांदूळ विकला जातो, असंही लिहिलं. दोन्ही गोष्टी पानठेल्यावर ऐकलेल्या. सही करायची असती तर यातली एकही ओळ मी लिहिली नसती.

पत्र वर गेलं, आणि ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन खाली आलं. त्याची एक प्रत थेट ज्यांच्याविरुद्ध लिहिलं होतं त्यांच्या टेबलावर! चौकशीला आलेल्या साहेबांनी घर आणि दुकान आधी पाहिलं. घराच्या कर्जाचे कागद चोख निघाले. साळ्याचं दुकान निघालं कापडाचं. दोन आरोप खोटे म्हटल्यावर तिसऱ्यासाठी नोंदवही आणि हजेरीपट शेजारी ठेवून पाहायची तसदी कोणी घेतली नाही. काही विचारायला ‘त्रस्त पालक’ कुठे होता? तक्रारीत तथ्य नाही, दप्तरी दाखल.

मग सुरू झाला लिहिणाऱ्याचा शोध. पालक, शुद्धलेखन कच्चं, शाळेवर राग. खिचडी शिजवणाऱ्या बाईंचं मानधन थकलं म्हणून त्यांचा नवरा महिनाभर आधी शाळेत येऊन भांडून गेला होता. त्यांची दोन्ही मुलं आमच्याकडेच शिकत होती. मी स्वतःला लपवायला म्हणून जो माणूस कागदावर उभा केला, तो हुबेहूब हाच. तो नेमका माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, मले सही करता येते, तेवढंच. येवढं मोठं पत्र मी कायले लिहीन? तुमी सांगा नं त्यायले.” मी म्हणालो, “बघतो.” पुढच्या सत्रात खिचडीचं काम दुसऱ्या बाईंकडे गेलं. मी काहीच बघितलं नव्हतं.

निनावी पत्राचं काय करायचं, हा पेच दिल्लीलाही नीट सुटलेला नाही. केंद्रीय दक्षता आयोगाने 1999 मध्ये निनावी तक्रारींवर कारवाई नको असं बजावलं, 2002 मध्ये पडताळता येण्यासारखी माहिती असेल तर दार किलकिलं केलं, 2014 मध्ये पुन्हा लावून घेतलं. आणि नाव लिहिण्याचा उपदेश मी कोणाला करत नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी स्वतःच्या नावाने माहिती अधिकारात जमिनींचे व्यवहार उकरत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी त्यांचा खून झाला. उलट 2002 मध्ये सिरशाच्या डेऱ्यातल्या एका साध्वीने पंतप्रधानांना निनावीच पत्र लिहिलं. उच्च न्यायालयाने दखल घेतली, सीबीआयकडे तपास गेला आणि 2017 मध्ये डेऱ्याचा प्रमुख गुरमीत राम रहीम याला शिक्षा झाली. ते पत्र छापणारे पत्रकार रामचंदर छत्रपती मात्र 2002 मध्येच गोळ्यांना बळी पडले. त्या साध्वीच्या जिवावर बेतलेलं होतं आणि तिने सोसलेलं लिहिलं होतं. माझ्या जिवाला काय होतं? फार तर डबा एकट्याने खावा लागला असता.

सेवानिवृत्तीनंतर एका लग्नात ते मुख्याध्यापक भेटले. जेवणं झाल्यावर मी सांगून टाकलं. ते हसलेही नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, “पत्रात 100 ग्रॅम, 150 ग्रॅम सगळं वर्गवार बरोबर होतं हो सर. ‘पोशन’ लिहिणाऱ्याला ते कुठून ठाऊक?” म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग बोलला का नाहीत? तर म्हणे, 50 किलोचा कट्टा काट्यावर ठेवला की 46-47 भरायचा. पोचपावतीवर सही पूर्ण वजनाची द्यावी लागे, नाही तर तांदूळ परत आणि पोरं उपाशी. तो तुटवडा भरायला ते हजेरी फुगवत. मला पकडलं असतं तर हेही उघडं पडलं असतं. त्यातलं किती खरं, किती सोयीचं, मला ठरवता येत नाही. सगळा तांदूळ कट्ट्यातच कमी असायचा, यावर माझा आजही पुरता विश्वास नाही. पण कट्टा सगळ्यांसमोर काट्यावर ठेवा, एवढं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी म्हणू शकलो असतो. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. खरे पालक.

त्या बाईंच्या नवऱ्याला आम्हा दोघांपैकी कोणीच काही सांगितलं नाही. ते कुटुंब मागेच कामासाठी पुण्याकडे गेलं. त्यांच्या थोरल्या मुलाचा नंबर माझ्या एका विद्यार्थ्याकडे आहे. मी तो अजून मागितलेला नाही.