पैसा आपला, नाव कुणाचं?

जागेत पैसा टाकायचे दोन रस्ते. पहिला बाजाराचा. एप्रिल २०१९मध्ये देशातला पहिला ‘रीट’ शेअर बाजारात आला. त्याची युनिट्स घ्या, हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या भाड्याचा चिमुकला वाटा तुमचा! भाव पडेलही, पण हिस्सा डीमॅटमध्ये तुमच्याच नावावर.

दुसरा रस्ता दोस्तीचा. खरी गोची तिथंच!

माझ्या जिवलग मैत्रिणीच्या मामांचा मुळशीत प्लॉट आहे. त्यावर बंगले बांधून विकायचे. ‘जागा आमची, कॅश तुम्हा तिघांची, नफा सारखा. तू तीन लाख दे.’ फंडा झकास! मी एवढंच विचारलं, ‘कागदावर आमचं नाव कुठे?’ ती चिडली. ‘मैत्रीत कागद?’

मैत्री आहे म्हणूनच कागद हवा ना यार! सातबाऱ्यावर मामा, विक्रीच्या करारात मामा. मग आपण भागीदार कसले? नुसते उसने देणारे. त्यात पैसे रोख हवेत. २०१५पासून जागेच्या सौद्यापोटी २०,००० किंवा जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे अडकणार मामाच!

नोंदणीकृत करार करा, चेक तयार आहे, असं तिला सांगितलंय. सध्या आम्ही फक्त पावसापाण्यावर बोलतो.