झोपता येईल अशी गाडी

आपल्या वस्तीत कुणी गाडी घेतली की पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा हप्त्याचा. आत माणसाला आडवे होता येते का, हे कुणी विचारत नाही. आम्ही तेवढे एकच विचारत दोन महिने जुन्या गाड्या पाहत हिंडलो. दलाल लोक इंजिनाचा आवाज ऐकवायचे, टेपवर गाणी लावून दाखवायचे आणि आम्ही मोजपट्टी काढून मागची जागा मोजायचो. एकाने तर विचारले, "काका, गाडी घ्यायचीय की खोली?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

घरात आम्ही दोघे, आई, मुलगा आणि मुलगी, अशी पाच माणसे. कारखान्यातून निवृत्त होताना ग्रॅच्युइटीचे जे पैसे हाती आले, त्यांतून मुलीच्या शिक्षणाचा वाटा आधी बाजूला काढला. उरलेल्यातून आईचे एक म्हणणे पुरे करायचे होते. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. नागपूर आणि चैत्यभूमी तिने रेल्वेच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून केलेली. पण वेरूळ, अजिंठा, कार्ले, जुन्नर ही लेणी तिने फक्त कॅलेंडरवर पाहिलेली. एसटीने जायचे तर गुडघे चालत नाहीत, आणि मुक्काम करायचा तर पाच माणसांना दोन खोल्या लागतात.

खोलीचा प्रश्न केवळ पैशांचा नसतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी रात्री आम्ही लॉजवर उतरायला गेलो. खोली आहे म्हणून सांगितले, रजिस्टर पुढे केले, आम्ही नाव-आडनाव लिहिले. ते वाचल्यावर मालकाला आठवले की खोली आधीच दिलेली आहे! ती रात्र आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर काढली. झोपायची जागा आपलीच हवी, हे आईने त्या रात्री ठरवून टाकले.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील त्यांना १९०१ सालचा प्रवास ठाऊक आहे. वडिलांकडे निघालेली ती लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच बैल हाकायचे या अटीवर एक गाडी मिळाली. टोलनाक्यावर रात्र झाली. जवळ खायला भरपूर होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. त्याच बैलगाडीच्या फळ्यांवर अंथरूण टाकून मुले उपाशी झोपली. पुढे १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले, तेव्हा दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर धावून आला. आमची आई हे वाचून घेते तेव्हा तिचे बोट दोनच गोष्टींवर असते, पाणी आणि फळी. म्हणून गाडी पाहताना आम्हीही तेवढेच धरून ठेवले. पाणी आपले हवे आणि फळी आपली हवी.

अशा फिरत्या घरांचा खरा पसारा अमेरिकेत. तिकडे एल्कहार्ट नावाचे एक गाव या धंद्यासाठीच प्रसिद्ध आहे. बसएवढी मोठी मोटार, व्हॅनमध्येच बसवलेले घर, मोटारीच्या मागे जोडून न्यायचे घर, असे त्यांचे कितीतरी प्रकार. त्यांतली एक गोष्ट मात्र आपणही घेण्यासारखी आहे. तिथले जाणते लोक आधी कुठे मुक्काम करणार ते ठरवतात आणि मग गाडी निवडतात, कारण कित्येक सरकारी वनांतल्या मुक्कामाच्या जागी ठरावीक लांबीपेक्षा मोठी गाडी मावतच नाही. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्या भाड्याने मिळतात, त्यांत पलंग, शौचालय, चूल सगळे असते. आम्ही एका रात्रीचे भाडे विचारले आणि फोन ठेवला.

मग वाद झाला तो मुलाशी. तो टेम्पो चालवतो, त्यामुळे गाड्यांतले त्याला आमच्यापेक्षा जास्त कळते. त्याचे म्हणणे, जुनी ट्रॅव्हलर घ्यावी. सतरा माणसांची, उंच छपराची. पिवळ्या पाटीवर ठेवली तर लग्नसराईत भाडी मारता येतील, आणि आपल्याला जायचे तेव्हा आसने काढून आजी ऐसपैस झोपेल. हिशेब वाईट नव्हता. घरात कमावणारी एक वस्तू येणार होती, आणि निवृत्त माणसाच्या घरात हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. चार दिवस आम्हालाही झोप लागली नाही.

शेवटी निकाल आईने दिला. ती म्हणाली, भाड्याची गाडी बुद्धपौर्णिमेला, अशोक विजयादशमीला, सहा डिसेंबरला दारात दिसणार का? त्याच दिवशी तिला गिऱ्हाईक असणार. शिवाय ट्रॅव्हलरची पायरी तिला चढवेना. मुलाने लाकडी पाट ठेवून पाहिला, तरी एक जण खालून आणि एक जण वरून लागत होता. मुलगा दोन दिवस गप्प होता. त्याची बाजू चुकीची होती असे आम्ही अजूनही म्हणत नाही.

मग उरल्या दोन, ओम्नी आणि ईको. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, त्यामुळे मिळतील त्या गाड्या जुन्याच. ईको २०१० पासूनची. सरकता दरवाजा, मागे सपाट जागा, आणि गल्लीतला मिस्त्रीही ती दुरुस्त करू शकतो. दोष सांगायचा तर इंजिन पुढच्या आसनांखाली असते, त्यामुळे लांबच्या प्रवासात बूड तापते. आणि सीएनजीची टाकी मागे बसवलेली असेल तर झोपायची जागा तिथेच संपली. आम्ही पाच आसनांची, पेट्रोलवरची, पांढऱ्या पाटीची २०१९ ची गाडी साडेतीन लाखांत घेतली.

घेण्याआधी मुलाने जे पाहिले ते इथे लिहितो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पट्टे, म्हणजे सीटबेल्ट, शेवटपर्यंत ओढून पाहायचे. पुरात बुडालेली गाडी धुऊन चकाचक करतात, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. २०१९ साली सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडला पूर आले, त्यांत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पायाखालची चटई उचलून पत्र्याचा गंज पाहायचा. टायरवर चार आकडे असतात. ३२१९ असेल तर २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नवे म्हणून सांगितलेले टायर तिथे खोटे पडते. चासी नंबर पुस्तकातल्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायचा. एका गाडीत तो खरवडलेला दिसला. दलालाने गंज म्हणून सांगितले, आम्ही चहा न घेता उठलो.

कागदांत कंटाळा करू नये. आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर त्यांचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म आधी हातात घ्यावा, पैसे नंतर द्यावेत. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. नाव बदलल्यावर चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. गाडी चालवणारा विकून मोकळा होतो आणि दंडाच्या चलनांचे ओझे नव्या मालकाकडे येते, म्हणून थकलेली चलने मोबाइलवर नंबर टाकून पाहावीत. १ एप्रिल २०१९ च्या आधीची नोंदणी असेल तर नवी सुरक्षित नंबरप्लेट लागते, तीही लावली आहे का पाहावे. २०२१ पासून आरसीवर वारसाचे नाव घालता येते. आम्ही मुलीचे घातले. मुलगा हसून म्हणाला, "चालवणार मी आणि मालकीण ती!"

आता फळीची गोष्ट. आमच्या ओळखीचा सुतार आत पक्का पलंग ठोकून द्यायला तयार होता. पण आरटीओच्या परवानगीवाचून गाडीच्या मूळ रचनेत, आसनांच्या संख्येत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हे स्पष्ट केले आहे. अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलाकडे बोट दाखवते. म्हणून आम्ही एकही खिळा ठोकला नाही. मागचे आसन दुमडायचे, त्याच्या उंचीला प्लायवूडच्या तीन सुट्या फळ्या टाकायच्या, वर घरचीच गोधडी. सकाळी फळ्या काढल्या की गाडी पुन्हा कागदावर आहे तशी. आत आई आणि मुलगी झोपतात. आम्ही दोघे आणि मुलगा शेजारी तंबूत.

पाण्याचे वीस लिटरचे दोन डबे. म्हणजे चाळीस किलो वजन झाले, पाच माणसे आणि अंथरूण-पांघरूण वेगळे. गाडीच्या पुस्तकात किती भार चालतो ते दिलेले असते, त्यात बसेल तेवढेच घ्यायचे. छपरावर सामान लादून घाटात वळणे घेणे हा पुरुषांचा शौक आहे, आमच्या घरात बायकांनी तो चालू दिला नाही.

आणि शौचालय. याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही, पण बायकांचा प्रवास याच एका गोष्टीवर अडतो. आमची आई प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी कमी करायची, वाटेत सोय होणार नाही म्हणून. कितीतरी बायका असेच करतात आणि मग लघवीची जळजळ घेऊन घरी येतात. आम्ही औषधाच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची आणली आणि मुलीने जुन्या चादरींचा चारी बाजूंनी आडोसा शिवला. रात्री तो गाडीच्या दारालाच लागतो. सगळ्या गाडीत सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती विचाराल तर ती ही खुर्ची. तिच्यामुळे आई आता वाटेत मनसोक्त पाणी पिते.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपू नये. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता. या वायूला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. स्टोव्ह, शेगडी, कोळसा हेही आत नको. स्वयंपाक बाहेर आणि झोपताना दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे खाली.

पहिला प्रवास वेरूळचा केला. मंगळवारी ती लेणी बंद असतात, अजिंठा सोमवारी बंद, हे पाहून निघालो. लेण्यांच्या आवारात मुक्काम करता येत नाही. आधी फोन करून वाटेतल्या एका गावच्या विहाराच्या अंगणात गाडी लावायची परवानगी घेतली होती. तिथल्या बायकांनी डबे भरून दिले, आम्ही चटणी-भाकर दिली, रात्री उशिरापर्यंत अंगणात गप्पा झाल्या. वेरूळला पहिली बारा लेणी आपली. बाराव्या लेण्याचे तीन मजले आईने खालूनच पाहिले. दहाव्या चैत्यगृहात, स्तूपापुढच्या बुद्धमूर्तीसमोर ती बराच वेळ बसून राहिली. वरच्या दगडी फासळ्या पाहून तिने विचारले, हे लाकूड की दगड? मुलीने समजावून सांगितले. परतताना दौलताबादचा किल्ला दिसला तेव्हा ती म्हणाली, इथे थांबा. गाडीतल्या डब्यातून पेला भरून घेतला, किल्ल्याकडे पाहत सावकाश प्यायली, आणि चला म्हणाली.

आता पावसाळा संपला की जुन्नर. तिथे लेण्याद्रीला पायऱ्या फार आहेत, त्यामुळे आईला खालीच बसावे लागेल आणि तिला ते अजून सांगितलेले नाही. तोवर सरकत्या दाराला मच्छरदाणी लावायची आहे. शिंप्याने दीडशे रुपये सांगितलेत. मुलगी म्हणते, मीच शिवते.