पाणी आलं, पैसे वसूल

सहलीला निघालेल्या माणसाला आभाळ निरभ्र हवं असतं. अमरावती-अकोल्याकडचा माणूस मात्र इथे कात्रीत सापडतो. खिशातले सहलीचे पैसे कपाशी-सोयाबीनचे, आणि कपाशी-सोयाबीन पावसाचं. नेमकं पाळण्यात बसायच्या दिवशी आभाळ भरून आलं की नातवंडं रडकुंडीला येतात. आजोबा मात्र कपाळावर आडवा हात धरून ढगांकडे बघतात आणि पुटपुटतात, ‘येऊ दे बाप्पा, येऊ दे.’ एकाच कुटुंबाच्या एकाच आभाळाकडे दोन उलट्या मागण्या. नातवाने कितीही भोकाड पसरलं तरी पावसाला नाव ठेवायची आजोबांची प्राज्ञा नसते.

आमच्या मुलखातली पहिली ‘राइड’ म्हणजे उन्हाळी मेळ्यातला आकाशपाळणा. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतो, अमरावती त्याच्या मागोमाग. दिवसभर दारं-खिडक्या लावून, कूलरसमोर पडून राहिलेली माणसं सूर्य मावळला की अमरावतीच्या सायन्सकोर मैदानाकडे निघतात. टोराटोरा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ, हातभर लांब पापड, प्लास्टिकच्या फुलांचे गजरे. आणि याच दिवसांत, याच वेळेला वळवाचं वावधन उठतं. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, ढगांचे मनोरे उभे राहतात, आणि संध्याकाळी ते मेळ्यावर कोसळतात. आधी धूळ, मग वारा, मग दिवे जातात, आणि सगळ्यात शेवटी पाणी.

अशा वेळी पाळण्याच्या बुडाशी उभा असलेला माणूस बघण्यासारखा असतो. बहुधा तो परप्रांतातला, अंगात मळकं बनियन, हात क्लचच्या दांड्यावर. वर अडकलेले लोक ‘उतरवा, उतरवा’ म्हणून ओरडत असतात, पण तो ओळीने कोणालाही उतरवत नाही. एक डबा खाली घेतो, रिकामा करतो, मग चाक अर्धं फिरवून नेमका त्याच्या समोरचा डबा खाली आणतो. एकाच बाजूची माणसं उतरवली तर चाक एकीकडे जड होऊन त्या बाजूला ओढ घेतं, ते आवरणं कठीण. म्हणून हे इकडचे दोन, तिकडचे दोन. वरच्या डब्यातला बाप आपल्या आधी मागच्यांना उतरवलं म्हणून शिव्या मोजतो, आणि हा खालून म्हणतो, ‘बैठे रहो भैया, हिलना मत.’ डोळ्यांत धूळ, कानांत किंकाळ्या, आणि हात मात्र तोलाचा हिशेब चुकू देत नाही. घाबरलेल्या गर्दीत शहाणपण कसं दिसतं, ते मला तिथे कळलं.

वळवाचा पाऊस फार वेळ थांबत नाही. अर्धा-पाऊण तास अंग चोरून काढला की मैदान पुन्हा उभं राहतं. तो अर्धा तास कुठे काढायचा, एवढाच प्रश्न असतो, आणि इथे लाड चालत नाहीत. वीज चमकल्यापासून कडाडेपर्यंत तीन सेकंद गेले तर ती साधारण एक किलोमीटरवर आहे, हे गणित प्रत्येक पोराला यायला हवं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आजूबाजूच्या विजेची सूचना देतं. ते मोबाइलमध्ये असलेलं बरं. झाडाखाली आणि टिनाखाली जाण्याची सवय मात्र आमच्या हाडीमाशी खिळलेली आहे. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारसला, बाबूजी महाराज संस्थानाच्या आवारात, वादळी पावसातून वाचण्यासाठी भाविक टिनाच्या शेडखाली जमले होते. जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर आडवं झालं आणि सात जण गेले. त्यानंतर ‘थोडा आडोसा पाहू’ हे वाक्य तोंडातून निघताना मान आपोआप वर जाते. पक्कं छत, चार भिंती किंवा काचा लावलेली गाडी. बाकी सगळा आडोसा मनाचा.

एप्रिलची ही अवकाळी आणि मार्चची गारपीट ही आमच्याकडची खरी वैरी. त्यांनी मेळा उधळतो, आणि शेतात उभा किंवा कापून पडलेला गहू आणि झाडावरचा संत्राही जातो. तेव्हा आजोबासुद्धा ‘येऊ दे’ म्हणत नाहीत. वऱ्हाडी माणसाची पावसाची पारख अशी आहे: कोणत्या पाण्यापासून पळायचं, कोणतं बसून काढायचं आणि कोणत्यात भिजायचं, याचे त्याच्याकडे वेगवेगळे खण आहेत.

जून-जुलैतलं पाणी तिसऱ्या खणातलं. शाळेची सहल शेगावला आनंदसागरात गेलेली असावी आणि झड लागावी. पाण्याच्या टंचाईसाठीच ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात गजानन महाराज संस्थानाने मोठा तलाव केला, त्यात ध्यानकेंद्राचं बेट केलं, भोवती पोरांची छोटी आगगाडी फिरवली. मधली काही वर्षं ते बंद होतं, तेव्हा सहलीचे मास्तरही हिरमुसले होते. पावसात रांग मोडून पोरं धावली की पांढऱ्या कपड्यातला सेवेकरी हात जोडतो, ‘माऊली, हळू. घसरतं.’ दहा वर्षांच्या वांड पोराला आयुष्यात पहिल्यांदा कोणी माऊली म्हटलेलं असतं. ते गडबडून खरंच हळू चालायला लागतं. भिजलेल्या दप्तरातली शेगाव कचोरी मऊ पडते, पण मसाला हार मानत नाही.

आणि चिखलदरा? तिथे तर आम्ही वादळ बघायलाच जातो. परतवाड्याच्या पुढे घाट चढला की अकराशे मीटर उंचीवर ढग गाडीच्या काचेला टेकतात. एका कड्याचं नावच मुळी हरिकेन पॉइंट. त्याला गोराघाट पॉइंटाशी जोडणाऱ्या स्कायवॉकचं काम हाती घेतलेलं. जुलैत तिथे उभं राहिलं तर दरी दिसत नाही, गाविलगड दिसत नाही, शेजारचा माणूससुद्धा पुसट. छत्री उलटी होते, टोपी जाते. ‘काय दिसून राह्यलं?’ ‘काहीच नाही, भाऊ.’ ‘मस्त आहे ना?’ ‘मस्त!’ हा संवाद कड्याकड्यावर चालू असतो. भाजलेलं कणीस आणि वाफाळती कॉफी घेऊन लोक त्या पांढऱ्या शून्याकडे तासभर बघतात. धुकं नसलं तर उलट हळहळतात.

आता आमची पोरं दूरच्या थीम पार्कांत जातात. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका झालं तेव्हापासून अंबा एक्स्प्रेसने रात्रीतून निघणं सोपं झालं. पण अकोल्याच्या वाट्याला वर्षभरात साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस येतो, आणि बोरघाटाच्या पायथ्याशी तेवढा एकट्या जुलैत सहज होतो. ते बघून आमचा माणूस आधी हरखतो, मग हेवा करतो. कोणाचा भाचा फ्लोरिडात असतो; ऑर्लँडोला उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी गडगडाट, कारण दोन्ही किनाऱ्यांवरून येणारे समुद्रवारे मधोमध भिडतात. तिथले लोक रेनकोट चढवून रांगेत उभे राहतात. १९७१ ला सुरू झालेलं तिथलं डिस्ने पार्क चक्रीवादळामुळे पहिल्यांदा बंद राहिलं ते १९९९ ला, फ्लॉइड आलं तेव्हा. भाचा फोनवर सांगतो, ‘मामा, सगळी मजा गेली.’ मामा विचारतो, ‘पाणी किती पडलं?’

पावसाने पाळणे बंद झाले की एका फलकाशी गर्दी होते: हवामानामुळे राइड बंद राहिल्यास पैसे परत मिळणार नाहीत. असाच एक फलक एका पार्कात वाचून मी खिडकीवरच्या मुलाशी वाद घालायला सरसावलो होतो. नियम त्याने केलेला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तरी माझा आवाज चढत गेला. बरोबरच्या काकांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. त्यांची पेरणी होऊन आठवडा झाला होता आणि घरून नुकताच फोन आला होता, तिकडेही लागून राहिलं म्हणून. ‘कावून भांडतं रे बाबू?’ ते म्हणाले. ‘दुबार पेरणी वाचली. असे दहा तिकिटं निघतीन त्याच्यात.’ मग त्यांनी सगळ्यांसाठी भजी सांगितली, आणि बिल भरताना पहिल्यांदाच कुरकुर केली: कांदा फार कमी घातला म्हणून.