धाकटीचा नंबर

अंकासाठी काहीतरी लिहून दे, असं सरांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी नुसती मान हलवून वर्गाबाहेर पडले. लिहिण्यासारखं माझ्याजवळ काय आहे? सकाळी बोईसरला गाडी पकडायची, मध्ये उमरोळी, मग पालघर. तास करायचे आणि डबे भरायच्या वेळेला घरी पोचायचं. सहलीला मी गेलेली नाही, समुद्र पाहायचा तर नवापूरचा नाही तर चिंचणीचा. पण या वर्षी घरात एक गोष्ट घडली. ती माझी नाही, धाकटीची आहे. तरी तिच्यात माझा हात आहे, म्हणून लिहिते.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. बाबा जळगाव जिल्ह्यातून तारापूर एम.आय.डी.सी.त आले आणि कापडाच्या कंपनीत लागले, ते अजून कंत्राटावरच आहेत. आई बारा जणांचे डबे करते. अशा घरात एक माणूस कॉलेजात जातं म्हणजे काय होतं, हे ज्यांच्या घरी आजोबा पदवीधर होते त्यांना कळायचं नाही. गॅसचा कागद, बँकेचं पत्र, शेजारच्या काकांचा पी.एफ., कुणाचं रेशन कार्डावरचं चुकलेलं नाव, सगळं माझ्यापुढं येतं. "ताईला विचारा, ती कॉलेजात आहे." मी मराठी आणि इतिहास शिकते, पी.एफ.मधलं मला ओ की ठो कळत नाही. पण हे कुणी ऐकून घेत नाही. आणि खरं सांगायचं तर, वर्षभरात मलाही वाटू लागलं की आपल्याला सगळं कळतं.

धाकटी माझ्याहून सव्वा वर्षानं लहान. तिला नर्सच व्हायचं होतं. दिवा हातात घेतलेल्या बाईंचं चित्र पाहून वगैरे नव्हे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याच्या बाजूला एका कारखान्यात मोठा स्फोट झाला, तो बोईसरच्या पुष्कळांना आठवत असेल. आमच्या खोलीचे पत्रे थडथडले. बाबा दुसऱ्या पाळीला होते. त्यांची कंपनी वेगळी. पण आवाजावर कंपनीचं नाव लिहिलेलं नसतं. मी आईला धरून रडत बसले. धाकटी तेव्हा सातवीत होती. ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि येईल त्या माणसाला विचारू लागली, "तुम्हाला लागलंय का?" बाबा मध्यरात्र उलटल्यावर घरी आले. त्यांनाही तिनं आधी तेच विचारलं.

५ मे २०२५ ला तिचा बारावी सायन्सचा निकाल लागला. ६८ टक्के. जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करायचा, हे ठरलेलंच होतं. तो पूर्वी साडेतीन वर्षांचा होता. फॉर्म अर्थातच मी भरले. अधिवास, नॉन-क्रिमीलेयर, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. सरकारी शाळेत फी नावापुरती, राहायला वसतिगृह, वर थोडं विद्यावेतन. बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे शिकायचं आणि पैसे पण तेच देणार?" मी जाणत्यासारखी हो म्हणाले. पुढं इतिहासाच्या वाचनात मला सापडलं की लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंची शाळा १८६० साली निघाली, तेव्हा तिथल्या मुलींनाही राहणं-जेवण आणि वर्षाला दहा पौंड मिळत. म्हणजे ही रीत जुनीच.

पहिली यादी लागली. निवड यादीत नाव नव्हतं, प्रतीक्षा यादीत होतं. क्रमांक ३८.

"सरकेल वर," मी म्हणाले. "मुली नावं काढून घेतात. कुणी बी.एस्सी.ला जातं, कुणी गाव सोडत नाही." हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण मी ते अशा सुरात म्हणाले की आईनं देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या वेळी ती २६ वर आली. मी म्हणाले, बघ. तिसऱ्या वेळी १९ वर आली आणि तिथंच थांबली. ऑगस्ट गेला. गणपती आले नि गेले. मी रोज गाडीत फोनवर ती यादी उघडत असे. धाकटी घरी आईबरोबर पोळ्या लाटत असे. गल्लीतल्या बायका विचारत, "काय गं, लागला का नंबर?" तिला नावानं हाक मारायचंच जणू सगळे विसरले होते.

खाजगी शाळेचा विषय तिनंच काढला. मला तो आवडला नाही. त्याला कारण होतं. आमच्या चाळीतल्या एका मुलीनं असाच एक सहा महिन्यांचा 'नर्सिंग' कोर्स केला होता, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पांढरा ड्रेस, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, सगळं होतं. पुढं कळलं की त्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीच होत नाही, आणि नोंदणी नसेल तर नर्स म्हणून उभं राहता येत नाही. ती आता एका दवाखान्यात चादरी बदलते. काम वाईट नव्हे; पण तिनं पैसे दुसऱ्या कामासाठी भरले होते.

"थांब ना," मी म्हणाले. "थांबायला काही पैसे पडतात का?"

"पडतात," धाकटी म्हणाली. ती पोळी भाजत होती, माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. "ही यादी या वर्षापुरती. प्रवेश बंद झाले की संपली. पुढच्या वर्षी हा १९ नंबर कुणी ओळखणार नाही, पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत. वर्ष गेलं तर नोकरी वर्षभर उशिरा. त्या वर्षाचा पगार धर. तो थांबण्याचाच खर्च."

मी कॉलेजात आहे. पण हा हिशेब मला सुचला नव्हता.

मग आम्ही तिघं, बाबा, ती आणि मी, दोन शाळा पाहून आलो. दोन्ही परिषदेच्या यादीत आहेत, हे आधी मी तपासलं होतं. तेवढं एक काम मी नीट केलं. नावं लिहीत नाही. पहिल्या शाळेला काचेचं दार आणि थंडगार ऑफिस होतं. माहितीपत्रक गुळगुळीत. बाबा खुर्चीवर बसेचनात. आम्हाला प्रयोगखोली दाखवली. तिथं सरावासाठी माणसाच्या मापाची बाहुली होती, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण तसंच होतं. मला ती स्वच्छता फार आवडली. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तिला अजून कुणी हात लावलेला नाही."

दुसरी शाळा जुन्या इमारतीत. जिन्याला ओल आलेली. तिथल्या बाहुलीचा उजवा दंड सुयांनी इतका टोचलेला होता की त्यावर चिकटपट्ट्या लावल्या होत्या, आणि त्या पट्ट्यांवरही पुन्हा टोचलेलं. धाकटी तो दंड हातात धरून बराच वेळ उभी होती. मग जिन्यात तिनं दोन मुलींना गाठून विचारलं, वॉर्डात कधी नेतात, कुठल्या रुग्णालयात, एका मुलीच्या वाट्याला किती पेशंट येतात. मुलींनी बिचकत का होईना, सांगितलं. हे प्रश्न माझ्या वहीत नव्हते. माझ्या वहीत फी, बस आणि सुट्ट्या होत्या.

मॅडमसमोर बाबांनी सगळ्या वेळात एकच प्रश्न विचारला. "मॅडम, पोरीला रातपाळी असते का?"

मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला नाही. पुढे असणार. नर्सला रात्र चुकत नाही."

बाबांनी आयुष्यात इतक्या रातपाळ्या केल्या आहेत की या उत्तरावर ते बिथरतील असं मला वाटलं होतं. परत येताना गाडीत म्हणाले, "बाई खोटं बोलली नाही." त्यांच्या लेखी प्रवेश तिथंच झाला.

फी वर्षाला ८५,००० रुपये, तीन हप्त्यांत. शिष्यवृत्तीचंही विचारलं, ही जागा प्रवेशफेरीतून आलेली नाही, तेव्हा तिच्यावर धरून चालू नका, असं खिडकीवर सांगण्यात आलं. पहिला हप्ता आईच्या पोतेवर निघाला, ती सोनाराकडं गेली. दुसऱ्यासाठी बाबांनी कंत्राटदाराकडून उचल घेतली. आणि माझ्या शिकवण्यांचे ११,००० रुपये पोस्टात होते, बी.एड.साठी ठेवलेले. ते मी दिले. हसत दिले असं लिहिलं तर खोटं होईल. त्या रात्री मी आईशी भांडणाला निमित्त शोधलं, आणि भाजीत मीठ जास्त झालं होतं, तेवढं पुरलं.

धाकटी शाळेत जाऊ लागली. दाखला, गुणपत्रिका, सगळे मूळ कागद शाळेत जमा झाले. मी यादी उघडणं सोडून दिलं. आता ती आपली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातली एक मैत्रीण पेढे घेऊन आली. तिच्या मामेबहिणीला सरकारी शाळेत शेवटच्या यादीत जागा मिळाली होती. प्रतीक्षा यादीत किती नंबर होता, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, २१.

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. वाचनालयात जाऊन यादी काढली. १९ पुढं धाकटीचं नाव होतं, आडनावासकट, बिनचूक. हजर होण्याची तारीख होऊन नऊ दिवस झाले होते.

म्हणजे मी थांब म्हणाले होते ते खरं ठरलं होतं. आजवर अनेक गोष्टींत मला बरोबर ठरायला आवडलं आहे. त्या दिवशी मात्र वाटलं, आपण साफ चुकलेलो असतो तर किती बरं झालं असतं. आणि थांब म्हणणारीनंच पाहणं सोडलं होतं. गाडीत रोज ज्या बोटानं ती यादी उघडत होते, ते बोट नऊ दिवस आधी हललं असतं तर निदान धावपळ तरी करता आली असती. कागद परत मागता आले असते. फी बुडाली असती, पण पुढचे हप्ते वाचले असते. पोत सुटली असती.

पंधरा दिवस मी कुणाला काही बोलले नाही.

धाकटीला तेव्हा नाडी मोजायला शिकवली होती. घरात कुणाचं मनगट मोकळं राहिलं नव्हतं. आईची पोळ्या करताना, बाबांची रातपाळीहून आल्यावर, शेजारच्या काकूंची कपडे वाळत घालताना. वहीत नाव, वेळ आणि आकडा. अभ्यासाच्या पुस्तकातलं मला वाचून दाखवायची. एकदा म्हणाली, "ताई, ऐक, १८९१ साली बाई काशीबाई गणपत म्हणून होत्या, या शिक्षणाला आलेल्या पहिल्या हिंदी नर्स." मी विचारलं, "पुढं?" म्हणाली, "पुढं काही नाही, एवढंच दिलंय." मला उगीच वाटलं, त्या काशीबाईंच्या घरी फॉर्म कुणी भरला असेल?

एका रात्री ती माझं मनगट धरून बसली होती. बाबा कामावर, आई झोपलेली. आकडा लिहून झाला होता, तरी तिनं हात सोडला नव्हता. मी सांगून टाकलं. शेवटची यादी लागली, १९ नंबर आला होता, तारीख गेली, मी पाहिलं नाही.

ती काही बोलली नाही. घड्याळाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "अठ्ठ्याण्णव. मघाशी ब्याऐंशी होती."

"काय?"

"तुझी नाडी." आणि जरा वेळानं, "कुठली शाळा?"

मी सांगितलं. ती चांगली शाळा आहे, मोठ्या रुग्णालयाची. तिलाही ते माहीत होतं.

"बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "शेवटचा हप्ता जाईपर्यंत तरी नको. आधीच उचल घेतलीय."

मग तिनं दिवा मालवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. झोपली की नाही, मला माहीत नाही. सकाळी मी उठले तेव्हा ती एप्रनला इस्त्री करत होती. पाण्याचा शिपका मारून, कॉलरपासून, जशी रोज करते तशी. मला म्हणाली, "चहा झाकून ठेवलाय."

त्यानंतर आम्ही दोघी त्यावर बोललेलो नाही. तिचं वॉर्डातलं काम सुरू झालं आहे. पहिलं इंजेक्शन दिलं त्या दिवशी तिनं मला पालघर स्टेशनवर फोन केला, आणि गाडीच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं की आजोबा ओरडले नाहीत. पोत अजून सोनाराकडंच आहे.

शेवटचा हप्ता जानेवारीत गेला. अंक मार्चमध्ये निघतो. बाबांना अंक वाचता येत नाही असं नाही, पण बारीक अक्षराचा ते कंटाळा करतात. गेल्या वर्षी त्यांनी सगळे फोटो पाहिले आणि विचारलं, तुझं नाव कुठं आहे? मी म्हणाले, नाही आलं. या वर्षी येईल. मी पान काढून दाखवीन, ते नावावर बोट ठेवतील, आणि म्हणतील, वाचून दाखव.