चढणीवरचा आवाज

"हा मधेच बसणार. खोडा ह्याचं नाव." शाळेच्या मैदानावर एका सरांनी काढलेले हे शब्द इतक्या वर्षांनंतरही मला ऐकू येतात, तेही ठरलेल्या जागी. मी हाफ मॅरेथॉन पळतो, सराव पूर्णगडच्या सागरी रस्त्यावर. मुचकुंदी नदीवरचा पूल ओलांडला, गावखडीचं सुरूचं बन मागे पडलं आणि रस्ता सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळ पठाराकडे, चढू लागला की पोटऱ्या भरून येतात. मग सर बोलायला लागतात.

तालुका स्पर्धेची निवड होती. यादीत माझं नाव होतं. सरांनी ते लाल बॉलपेनने खोडलं, आणि त्याच रेघेवरून पुन्हा इतकं दाबून पेन फिरवलं की कागद फाटला. ज्याचं नाव खाली घातलं तो मुलगा सरावाला कधी फिरकलाही नव्हता. पळून हरलो असतो तर केव्हाच विसरलो असतो. पण मला पळूच दिलं नाही. ना शिट्टी वाजली, ना घड्याळ लावलं. माझ्या काटकुळ्या अंगाकडे बघून निकाल लागला. घरून कोणी विचारायला गेलं नाही. मास्तरांना जाब विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने मांडलंय की मूल आधी इतरांशी बोलतं, मग स्वतःशीच मोठ्याने, आणि पुढे तेच बोलणं आत मुरून मुकं होतं. म्हणजे मनातल्या बोलण्याचं मूळ माणसांमधल्या बोलण्यात. हे वाचून मला संतापच आला. माझ्या डोक्यात त्या सरांनी कायमचं बिऱ्हाड का करावं?

मग आतलं बोलणं बदलता येतं का, हे शोधू लागलो. २०१४ साली ब्लँचफील्ड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काही जणांनी स्वतः निवडलेली उमेदीची वाक्यं दोन आठवडे घोटली. त्यानंतर थकून थांबेपर्यंत सायकल मारण्याचा त्यांचा वेळ सरासरी १८ टक्क्यांनी वाढला आणि तेवढ्याच श्रमाचा ताण त्यांना कमी जाणवला. मीही "मी दमलेलो नाही" म्हणून पाहिलं. चढणीवर ते धडधडीत खोटं वाटायचं. मग २०१९ चा एक अभ्यास वाचनात आला: दहा किलोमीटर सायकलिंगमध्ये स्वतःला "मी" म्हणण्यापेक्षा "तू" म्हणताना तीच माणसं सुमारे दोन टक्के जलद गेली.

आणि मला आजी आठवली. डोक्यावर जळणाचा भारा घेऊन घाटी चढताना ती स्वतःलाच म्हणायची, "चल गो बाय, आलाच सडा." शेवटचा टप्पा असो वा नसो, सडा नेहमी "आलाच" असायचा. आता मी "चल रे, आलाच सडा" म्हणतो. हे वाक्य मला खोटं वाटत नाही. स्पर्धेला उतरणाऱ्यांना माझं सांगणं आहे की छापील घोषवाक्यं घेऊ नका, घरातलं एखादं वाक्य शोधा आणि सरावातच ते घोटून ठेवा.

पण खरं सांगायचं तर काही सकाळी आजीचं वाक्यही पुरत नाही. तेव्हा "हा मधेच बसणार" हेच शब्द येतात आणि रागाने पाय उचलले जातात. पण म्हणून काही मी त्या सरांचे आभार मानणार नाही. रागावर एखादी चढण निघते, माझी तेव्हा हुकलेली शर्यत परत मिळत नाही.

शाळांमध्ये निवडीची यादी ज्यांच्या हातात असते त्यांना एकच विनंती आहे. आधी प्रत्येक मुलाला पळू द्या, मगच पेन उघडा.